स्टेला, मनवा आणि ढगफुटी

नगर जिल्ह्यातल्या कर्जतजवळच्या एका मंगल कार्यालयात हळदीचा कार्यक्रम रंगात आला होता. नवरदेव पिवळाजर्द होऊन पाटावर बसला होता आणि त्याचे मित्र त्याच्या वाटचंही नाचून घेत होते. दोन गाण्यांच्या मध्ये ऑर्केस्ट्राची गायिका पाणी पीत होती, तेवढ्यात त्या मित्रांतला एक जण स्टेजपाशी आला.

"मॅडम, टेम्पोच्या काचंवर घ्या की."

तिने घेतलं. खाली एकच धुराळा उडाला. गाणं संपल्यावर तोच मुलगा घाम पुसत पुन्हा आला आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "चांगलं म्हनलं मॅडम. पन खरं सांगू का, राग धरू नका. मनवाची सर न्हाई."

"मनवाला समोर ऐकलंय का कधी?"

"समोर कुटं? मोबाईलवर. तिचा आवाज लई मोकळा हाय. तुमचा जरा बसल्यावानी वाटतो."

"बसलाच आहे," ती म्हणाली. "त्याला उठायची परवानगी नाही."

त्याला हा विनोद वाटला. तो हसला आणि नाचायला गेला.

या गायिकेचं नाव स्टेला इसहाक भिंगारदिवे, राहणार सावेडी, नगर. आणि मनवा हीदेखील तीच. पण हे तिला कुठल्याही स्टेजवरून सांगता येत नव्हतं, कारण 'मनवा' हे नाव तिची गाणी काढणाऱ्या कंपनीच्या मालकीचं होतं. तिने ते वापरायचं नाही, असं तिनेच सही करून दिलं होतं. नगर जिल्ह्यात आपल्याच गाण्यावर आपल्यापेक्षा कमी प्रतीची ठरलेली दुसरी गायिका असेल असं वाटत नाही. असलीच तर तिलाही सांगायची सोय नसणार.

स्टेलाचे वडील इसहाक एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते आणि रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवत. नगरच्या ख्रिस्ती घरांना पेटी, तबला, झांजा नवीन नाहीत. अभंगाच्या आणि ओवीच्या चालींवर तिथे पिढ्यान्‌पिढ्या येशूची गाणी गायली गेली. इसहाक यांनी स्वतःही बऱ्याच चाली बांधल्या. वर्कशॉपमध्ये इंजिन खोललेलं असायचं, हात ग्रीसने काळे, आणि तोंडाने गुणगुणणं चालू. हाताखालच्या लोकांना वाटे, साहेब बोल्ट मोजताहेत.

मात्र त्यांच्या चर्चमध्ये एक रीत होती. सुगीच्या सणाला लोक शेतातलं, परसातलं आणून वेदीपुढे ठेवत. बाजरी, भोपळे, अंडी, पाय बांधलेला कोंबडा. ज्याला शेत नाही त्याने घरी भाजलेला केक. उपासना संपली की आवारात या सगळ्याचा लिलाव होई. पण कोणती वस्तू कोणी आणली हे विचारायचं नाही आणि सांगायचं नाही. लिलाव पुकारणारा फक्त "हा भोपळा" म्हणे. नाव घेतलं की ते अर्पण राहत नाही, जाहिरात होते, असं जुनी माणसं म्हणत. गाण्यांनाही हीच रीत होती. नवी चाल म्हटली जायची तेव्हा चर्चचे पाळकसाहेब उभे राहून सांगत, "हे गीत परमेश्वराला अर्पण." कोणाकडून, ते नाही. अर्थात भोपळा कोणाचा हे सगळ्या चर्चला माहीत असे आणि चाल कोणाची हेही. फक्त ते तोंडाने बोलायचं नसे.

इसहाक यांची सगळ्यात नावाजलेली चाल सुगीच्या गाण्याची. संथ सुरू होते, तिसऱ्या ओळीत अचानक वर चढते, आणि तिथे म्हाताऱ्या बायकासुद्धा मान उंचावून गातात. स्टेला त्या चालीवर वाढली. पाळण्यात, शाळेच्या रस्त्यावर, आजारपणात. ती चाल कोणाची असं कोणी तिला विचारलं असतं, तर श्वास कोणाचा असं विचारल्यासारखं तिला वाटलं असतं. दुर्दैवाने पुढे तसं विचारणारा भेटला, आणि कॅमेरा चालू असताना भेटला.

त्या कंपनीचं नाव ढगफुटी म्युझिक. मालक दोघे. पुंजाराम सुपेकर कर्जत तालुक्यातला. मांडव, जनरेटर, डीजे आणि टेम्पो हा त्याचा धंदा. दुसरा शौनक जामगावकर सावेडीतला; पुण्याला जाऊन ध्वनिमुद्रण शिकून आलेला, वडिलांच्या बंगल्याच्या वरच्या मजल्यावर स्टुडिओ थाटून बसलेला. पुंजारामला लोक काय नाचतात ते कळत होतं आणि शौनकला ते कसं मुद्रित करायचं ते कळत होतं. गाण्यातलं दोघांनाही किती कळत होतं, हा प्रश्न तेव्हा कोणी काढला नाही.

स्टेला एका गॅदरिंगमध्ये गायली आणि पुंजारामने तिला हेरलं. तो घरी आला, खुर्चीच्या टोकाशी बसला आणि अदबीने म्हणाला, "ताई, तुमचा आवाज लई भारी हाय. फकस्त एक अडचन हाय. स्टेला नावानं आमच्याकडं गानं चालायचं न्हाई. लोकांला वाटंल इंग्रजी हाय."

"मग?"

"मनवा ठिवू."

"मनवा कोण?"

"कोन न्हाई, म्हनून तर."

स्टेलाची आई दया सिव्हिलमध्ये नर्स होती आणि आता निवृत्त झाली होती. माणसाला सुई टोचताना गोड बोलावं लागतं, एरवी नाही, असा तिचा नियम. ती चहाचे कप उचलत म्हणाली, "म्हणजे बाप्तिस्मा नगरला आणि बारसं कर्जतला."

'टेम्पोच्या काचंवर' आलं आणि तुफान चाललं. जामखेडपासून अकोले तालुक्यापर्यंत एकही हळद त्याच्याशिवाय लागेना. मनवा कोण, कुठली, लग्न झालंय का, याची चर्चा एसटी स्टँडवर होऊ लागली. स्टेला त्याच स्टँडवर रिक्षाची वाट बघत ती ऐकायची. तिला मजा वाटायची. तेव्हा वाटायची.

पण टेम्पोच्या गाण्यावर आयुष्य काढायचा तिचा विचार नव्हता. तिला एक अल्बम करायचा होता. लोक ज्यावर नाचणार नाहीत, बसून ऐकतील असा. दुपारच्या भाजीबाजारातली बाई, परीक्षेत नापास झालेली मुलगी, नवरा दुबईला गेलेली शेजारीण, अशा माणसांची सात गाणी तिने लिहिली. अल्बमचं नाव 'उभ्या उन्हात'. सातव्या गाण्याला तिने वडिलांची सुगीची चाल घेतली, शब्द नवे घातले. इसहाक यांना विचारलं, तर ते म्हणाले, "मला काय विचारतेस? मी कधीच देऊन टाकलीय."

सातवं गाणं मुद्रित झालं त्या दिवशी शौनकने गाण्याच्या मागची गोष्ट सांगणारा एक छोटा व्हिडिओ केला. स्टेला हेडफोन गळ्यात घालून बसलेली, कपाळावर घाम, चेहऱ्यावर आनंद. शौनकचा आवाज कॅमेऱ्यामागून येतो, "ही चाल कुणाची गं? फारच वेगळी आहे."

आणि स्टेला हसून सांगते, "कुणाचीच नाही. देवाची."

हे वाक्य तिच्या चर्चमधल्या कोणीही म्हटलं असतं. त्याचा तिथला अर्थ लहान पोरालाही कळतो. सावेडीतल्या स्टुडिओत त्याचा अर्थ निघाला तो असा, की माल बेवारस आहे.

अल्बम तयार झाला. कर्जतला प्रकाशन ठरलं. चौकात भलामोठा फ्लेक्स लागला, आणि त्या फ्लेक्सने अल्बम खाल्ला. फ्लेक्सवर पुंजाराम गॉगल लावून, हात जोडून, नखशिखांत उभा होता. त्याच्या डोक्यावर तालुक्यातल्या पुढाऱ्यांची रांग होती. शौनक एका कोपऱ्यात गोल चौकटीत होता, साधारण पुंजारामच्या बुटाएवढा. स्टेला नव्हतीच. तिच्या जागी मोर होता.

शौनक गाडीतून उतरला, त्याने फ्लेक्स पाहिला आणि तसाच परत गाडीत बसला. जाताना सातही गाण्यांची मूळ मुद्रणं असलेली डिस्क बरोबर घेऊन गेला. संध्याकाळपर्यंत पुंजारामने कंपनीच्या ऑनलाइन चॅनलचा पासवर्ड बदलला. झालं. गाणी एकाकडे, गाणी सोडायची जागा दुसऱ्याकडे. सत्काराचे नारळ मात्र ठरल्याप्रमाणे वाटले गेले.

त्यानंतरची वर्षं स्टेलाने सावेडी आणि कर्जत यांच्यामध्ये घालवली.

पुंजाराम म्हणे, "ताई, गानी माझ्याकडं असती तर आज सकाळीच सोडली असती बगा. पन डिस्क त्या शहान्याकडं हाय."

शौनक म्हणे, "मी तर म्हणतो आत्ता रिलीज करू. पण चॅनल त्या माणसाकडे आहे. मी काय करू?"

"दोघं एकदा समोरासमोर बसा ना!"

"त्याच्यासमोर? त्याने मला बुटाएवढा छापलाय, स्टेला. माझ्या सासरच्यांनी बघितलं ते."

"मला मोर छापलंय! मी काही बोलले?"

"तुझं वेगळं आहे," शौनक म्हणाला. "तू आर्टिस्ट आहेस."

करारात एक ओळ होती. अल्बम प्रकाशित होईपर्यंत गायिकेने दुसरीकडे नवीन गाणं गायचं नाही. अल्बम कधी प्रकाशित करायचा, याबद्दल मात्र ओळ नव्हती. स्टेलाने तो करार एका वकिलाला दाखवला. त्याने सावकाश वाचला, चष्मा काढला आणि सही करायच्या आधी का आला नाहीत, असं विचारलं. हा प्रश्न तर दया रोज फुकट विचारत होती.

जुनी गाणी गायला बंदी नव्हती. म्हणून स्टेला ऑर्केस्ट्रात गेली, आणि स्वतःची नक्कल करून पोट भरू लागली. तिशी उलटली. राग सुरुवातीला दोघा मालकांवर होता. मग तो पसरत गेला. नाचणाऱ्या पोरांवर, स्टेजवरच्या बल्बवर, रस्त्यात दिसणाऱ्या प्रत्येक फ्लेक्सवर. घरी भांडी घासताना ती अशी आपटायची की खालच्या मजल्यावरचे लोक वर येऊन विचारायचे, काही पडलं का. दया सांगायची, "हो, मुलगी. सही करताना."

इसहाक शांत असायचे. "प्रार्थना कर, बाळ," म्हणायचे. या शांतपणाचा तिला सगळ्यात जास्त राग यायचा.

अशात सुगीचा सण आला. घरी असलेल्या वृद्धांसाठी चर्चने मोबाईलवरून उपासना थेट दाखवायला सुरुवात केली होती. स्टेला गायनमंडळात पुढे उभी होती, इसहाक पेटीवर. सुगीचं गाणं नेहमीप्रमाणे झालं, तिसऱ्या ओळीला नेहमीप्रमाणे माना वर झाल्या. आवारात लिलाव सुरू झाला, कोंबड्याचा भाव वर चढत होता, तेवढ्यात खर्ड्याहून भीमाबाईमावशीचा फोन आला.

"स्टेला, अगं माझं कानाचं मशीन गेलं वाटतं. प्रार्थना ऐकू आली, प्रवचन ऐकू आलं, आन तुमचं गानंच न्हाई. निस्ती तोंडं हालत हुती."

मग दुसरा फोन आला. मग तिसरा. सगळ्यांची मशीनं एकाच गाण्याला जाणं शक्य नव्हतं. चर्चच्या मोबाईलवर प्रक्षेपणाच्या अ‍ॅपची एक सूचना आली होती, ती पाळकसाहेबांनी लांब धरून वाचली. गाण्याचा आवाज बंद करण्यात आला आहे; या गाण्यात दुसऱ्याच्या मालकीचं संगीत आहे; संगीतकार, शौनक जामगावकर.

"हे जामगावकर कोणत्या चर्चच्या मंडळीतले?" पाळकसाहेबांनी निरागसपणे विचारलं.

स्टेला तोवर फाटकापाशी पोचली होती. ती स्कूटर काढून थेट शौनकच्या बंगल्यावर गेली. उपासनेची पांढरी साडी, पायात चर्चच्या चपला.

"ये ना," शौनक म्हणाला. "कॉफी घेणार?"

"माझ्या बापाची चाल तुझ्या नावावर कशी आली?"

"बस आधी."

"नाही बसत. चोर आहेस तू."

"शब्द जरा जपून वापर," शौनक म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही. या माणसाचा आवाज कधीच चढत नसे. त्यासाठी त्याच्याकडे यंत्रं होती. "मुंबईच्या एका मोठ्या कंपनीला मी सातही गाणी ऐकवली. त्यांना सगळ्यात जास्त सातवं आवडलं. त्यांच्याकडे नोंद करताना संगीतकाराचं नाव लागतं. रकाना रिकामा ठेवता येत नाही."

"म्हणून स्वतःचं भरलंस?"

त्याने उत्तरादाखल लॅपटॉप फिरवला. पडद्यावर ती होती. हेडफोन गळ्यात, कपाळावर घाम. कुणाचीच नाही. देवाची. त्याने थांबवलं, मागे नेलं, पुन्हा लावलं. कुणाचीच नाही. देवाची.

"तूच म्हणालीस."

"ते आमच्यात म्हणतात तसं!"

"तुमच्यात काय म्हणतात ते कोर्टाला कसं कळणार? आणि देवाच्या वतीने वकील उभा राहील असं मला वाटत नाही." मग तो जरा मऊ झाला. "ऐक. तुझ्या फायद्याचं सांगतो. पुंजाराम आणि मी बोललो परवा. मुंबईचे लोक मोठे आहेत, त्यांच्यासमोर भांडणं शोभत नाहीत. अल्बम येतोय. पुढच्या महिन्यात. आणि तुला पाहिजे तर मनवाच्या खाली कंसात स्टेला भिंगारदिवे टाकू. फक्त काकांकडून चार ओळी लिहून पाहिजेत, की चाल त्यांची नाही. एवढंच. नंतर कटकट नको म्हणून."

स्टेला तिथून निघाली तेव्हा तिने दार आपटायला हवं होतं. पण त्या दाराला वरून आपोआप बंद होणारा दांडा होता. कितीही ढकललं तरी ते सावकाश, सभ्यपणे, स्वतःच्या गतीने बंद झालं.

तिने घरी सगळं सांगितलं. इसहाक यांनी पेटीच्या भात्यावरची धूळ फडक्याने पुसली आणि म्हणाले, "लिहून देऊ."

"लिहून देऊ म्हणजे?"

"माझं नाव कधी होतं त्या चालीवर? नाही ना. मग नाही, असं लिहायला काय हरकत आहे?"

"पप्पा, तुम्ही ती देवाला दिलीत. शौनकला कधी दिलीत?"

"नावाचा मोह..."

"मोह! त्याने नाव लावलं, तो मोह नाही. आपण विचारलं की मोह. तुमच्या या नम्रतेवर लोकांनी बंगल्यांचे मजले चढवलेत, पप्पा!"

"बापाशी कशी बोलतेस?" दया म्हणाली. मग नवऱ्याकडे वळून तितक्याच जोराने, "आणि तुम्ही तरी कसे बोलता?"

त्यानंतर घरात कोणी जेवलं नाही. पण स्टेलाला आतून दुसरंही काही टोचत होतं, आणि ते तिने कोणालाच सांगितलं नाही. चार ओळी. चार ओळींत 'उभ्या उन्हात' बाहेर येणार होतं. भाजीबाजारातली बाई, नापास झालेली मुलगी, सगळ्यांची तोंडं उघडणार होती. हळदीतल्या त्या पोराला कळणार होतं. नाव तर नाही तरी कुठे होतं पप्पांचं?

दोघे मालक शनिवारी सकाळी आले. एकाच गाडीतून आले. बरोबर शाल, श्रीफळ, पेढे आणि एक फोटोग्राफर होता.

"काका, आदी सत्कार करू," पुंजाराम म्हणाला. "मंग कागदाचं."

"सत्कार कशाबद्दल?" दयाने विचारलं.

पुंजाराम अडखळला. "म्हंजे... ज्येष्ठ नागरिक हायेत."

इसहाक यांनी शाल अंगावर घालून घेतली. नाही म्हणण्याची त्यांना सवयच नव्हती. कागद छापून आणला होता. पण शौनकचा आग्रह होता की काकांनी स्वतःच्या हस्ताक्षरात खाली उतरवून काढावा, म्हणजे जबरदस्ती वाटत नाही. इसहाक चष्मा शोधू लागले. टीव्हीवर होता. स्टेलाने तो उचलून त्यांच्या हातात दिला. हो, तिनेच दिला. तिच्या रागाच्या गोष्टीत हे बसत नाही, पण तसं झालं.

इसहाक यांनी लिहायला सुरुवात केली. फिटरचं हस्ताक्षर, एकेक अक्षर घट्ट आवळलेलं. 'सदर चाल माझी नाही.'

"छान," शौनक म्हणाला. "आता फक्त एक शेवटचं वाक्य, काका. 'ही चाल मी प्रथम श्री. जामगावकर यांच्याकडून ऐकली.' म्हणजे अगदी पक्कं होईल."

पेन थांबलं. 

"ऐकली?" इसहाक म्हणाले.

"फॉर्मॅलिटी आहे."

"तुम्ही किती वर्षांचे?"

"चौतीस."

इसहाक यांनी मान हलवली. चाल त्याच्या जन्माच्या आधीची होती, हे त्या खोलीत सगळ्यांनाच कळलं, शौनकलाही.  मग इसहाक यांनी एकदा स्टेलाकडे पाहिलं. ती नजर रागाची नव्हती, तक्रारीची नव्हती. गाडी दुरुस्त होणार नाही हे माहीत असूनही मालकाच्या समाधानासाठी माणूस पाना हातात घेतो, तशी होती. ते पुन्हा कागदावर वाकले आणि अगदी हळू म्हणाले, "देव क्षमा करील. तुझी वर्षं गेली, बाळ." आणि लिहू लागले. 'ही चाल मी...'

स्टेलाने कागद ओढला. पेनाची रेघ आडवी कागदभर गेली.

"उठा," ती म्हणाली.

"स्टेला, भावनेच्या भरात..."

"उठ म्हणते ना! नाव नाही सांगितलं माझ्या बापाने आयुष्यभर. पण खोटंही नाही सांगितलं. आज माझ्यासाठी पहिल्यांदा लिहीत होता तो. माझ्यासाठी! अल्बम नको मला तुमचा. ठेवा. तुमच्या डिस्कमध्ये सडू द्या सगळी गाणी, मनवा घाला त्या फ्लेक्सवरच्या मोराच्या घशात!"

"ताई, शांत व्हा, पेढा घ्या..." पुंजाराम म्हणाला. दुसऱ्या कुणाला त्या क्षणी पेढा सुचला नसता.

दयाने पेढ्यांचा पुडा उचलून त्याच्या हातात दिला, त्यावर नारळ ठेवला, नवऱ्याच्या अंगावरची शाल काढून घडी घालून नारळावर ठेवली. तिन्ही गोष्टी तोलत पुंजाराम जिन्याने खाली उतरला. फोटोग्राफरने सवयीने एक फोटो काढला.

अल्बम सडला नाही. सडला असता तर एक वेळ बरं होतं. तीन महिन्यांत 'उभ्या उन्हात' बाहेर आला, वाजतगाजत, मुंबईच्या कंपनीच्या शिक्क्यासह. गायिका मनवा. ही मनवा एकोणीस वर्षांची होती, पुण्याची होती, आणि स्टेलाने जिथे जिथे श्वास घेतला होता तिथे तिथेच श्वास घेत होती, कारण तिला तेच ऐकवून शिकवलं होतं. सहा गाणी तशीच. सातव्याचं संगीत: शौनक जामगावकर. हळदीतल्या पोरांनी ऐकलं आणि सांगितलं की मनवाचा आवाज आता आणखी मोकळा झालाय.

स्टेलाने ते एकदा ऐकलं, पूर्ण, शेवटपर्यंत. मग मोबाईल बंद केला आणि वकिलाकडे गेली. अल्बम प्रकाशित झाला, म्हणजे करारातली ती ओळ संपली, हे तिने त्यालाच समजावून सांगितलं. आता ती कुठेही नवीन गाणं गाऊ शकत होती. फक्त तिच्याकडे गाणं नव्हतं. सात होती, ती गेली. तिने ऑर्केस्ट्रा सोडला नाही. सोडून जाणार कुठे?

पुढच्या सुगीच्या सणाआधी गायनमंडळाची बैठक झाली. पाळकसाहेब संकोचून म्हणाले, "यंदा सुगीचं ते गीत नको घेऊ या. थेट प्रक्षेपणात आवाज जातो. लोकांची गैरसोय होते. किंवा तेवढ्या वेळापुरतं प्रक्षेपण बंद करू."

"बंद करायचं नाही," स्टेला म्हणाली. "आणि गाणं तेच."

"पण ऐकू येणार नाही कोणाला."

"दिसू दे. सगळ्या जिल्ह्याला दिसू दे, आपली तोंडं कोणी बंद केलीत ते."

इसहाक कोपऱ्यात बसले होते.  हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

सणाच्या दिवशी वेदीपुढे नेहमीसारखा ढीग होता. सुगीच्या गाण्याची वेळ आली. पाळकसाहेब उभे राहिले, "हे गीत परमेश्वराला..." एवढ्यात स्टेला पुढे आली आणि तिने माईक आपल्याकडे वळवला. बोलण्याचा आवाज कोणी बंद करत नाही, हे तिने आधीच पाहून ठेवलं होतं.

"हे गीत परमेश्वराला अर्पण," ती म्हणाली. "चाल इसहाक रूबेन भिंगारदिवे यांनी बांधली. एसटीच्या वर्कशॉपमध्ये. दुसऱ्या कोणी बांधलेली नाही."

 मागच्या बाकावरच्या एका आजोबांनी टोपी मांडीवर आपटली. कोणी तरी "अरेरे" म्हणालं. जन्मभर पाळलेली रीत मुलीने माईकवरून मोडली होती, तीही बापाच्या नावाने, बापाच्या समोर.

इसहाक यांनी पेटीवरचे हात काढून घेतले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. स्टेलाने वडिलांना चिडलेलं उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं, आज पाहिलं. ते तिच्याकडे बघत होते आणि पेटी मुकी होती. गायनमंडळ पुस्तकं धरून उभं होतं. कॅमेरा चालू होता.

"वाजवा आता," बायकांच्या बाकावरून दया म्हणाली. "सगळे उभे आहेत."

 मग इसहाक यांनी भाता ओढला, जोराने, चिडून, आणि चाल सुरू केली. नेहमीची संथ नव्हे. दामटून, घाईने, जणू कोणाशी तरी भांडण काढलं होतं. गायनमंडळाची धांदल उडाली, टाळवाला चुकला, पाळकसाहेब पहिली ओळ गाळून दुसरीला येऊन मिळाले. स्टेलाने माईक घट्ट धरला आणि वडिलांच्या मागे धावत सुटली. तिसऱ्या ओळीशी तिने त्यांना गाठलं. बाप तिच्याकडे बघत नव्हता. तीही त्यांच्याकडे बघत नव्हती. दोघेही रागाने, अगदी बरोबर सुरात, वर चढले.